हलगी कोणाची, खुर्ची कोणाची?



नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. तिथं नाटक शिकवतात. शिकवावंच. माझं भांडण आहे ते आपण तिथं कोण म्हणून शिरायचं, यावर.

हे विद्यापीठ आभाळातून पडलेलं नाही. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला अन् मराठवाडा पेटला. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. १४ जानेवारी १९९४ ला औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. त्याच वर्षी नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजं तोडून हे नवं विद्यापीठ काढलं. ज्या मातीत रक्त सांडलं, तिथल्या पोरांच्या सर्टिफिकेटवर ते नाव आलंच नाही!

आता युवक महोत्सवात लोककला म्हणून हलगी वाजते. टाळ्या पडतात. 'अस्सल मातीचा गंध' म्हणे! मातीचा नाही साहेब, कातड्याचा वास आहे तो. मढं निघालं, वाजव. जत्रा निघाली, वाजव. मग उंबऱ्याबाहेर बस अन् भाकरतुकडा माग. ही गावकीची वेठ होती. आपल्या कितीतरी बापजाद्यांनी बाबासाहेबांच्या शब्दाखातर हलगी खुंटीला टांगली. तीच आता फेटा बांधून स्टेजवर येते. वाजवणाऱ्याला शाल-नारळ, तिच्यावर पेपर वाचणाऱ्याला पगार. ही बलुतेदारीच की!

आपली रंगभूमी वेगळी आहे. १९३० नंतर भीमराव कर्डकांचा जलसा वस्तीवस्तीत, कंदिलाच्या उजेडात उभा राहिला. १९५५ साली मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' बाबासाहेबांसमोर झालं. नांदेडच्याच दत्ता भगतांनी 'वाटा-पळवाटा' लिहून चळवळीलाच प्रश्न विचारले. यात कुणी भीक मागितली नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. जलसा तोंडी लावायला नको, मुख्य विषय म्हणून शिकवा. हलगीवाला, पोतराज, मुरळी यांना डिग्री न विचारता मास्तर म्हणून खुर्ची अन् पगार द्या. नांदेडला द्या, लातूरच्या उपकेंद्रातही द्या. वेठीचा इतिहास अभ्यासक्रमात घाला. तालमीचा हॉल वस्तीतल्या पोरांना फुकट उघडा.

अन् पोरांनो, हलगीची लाज धरू नका. तिथं ॲडमिशन घ्या. फक्त दुसऱ्याच्या वरातीत वाजवायला पुन्हा जाऊ नका. वाजवायचीच तर आपल्या मोर्चापुढं वाजवा.