हातमागाचे नाव आणि श्रावकाचे व्रत

भुवनेश्वर शहराच्या कडेला उदयगिरी आणि खंडगिरी या दोन टेकड्या समोरासमोर उभ्या आहेत. उदयगिरीवरील हाथीगुंफेत ब्राह्मी लिपीत कोरलेला 17 ओळींचा प्राकृत शिलालेख आहे. अर्हंत आणि सिद्ध यांना वंदन करून आरंभ होणाऱ्या या लेखात कलिंगनरेश खारवेलाच्या कारकिर्दीचे वर्षवार वृत्त येते. पूर्वी नंदराजाने नेलेली कलिंगजिनाची प्रतिमा त्याने बाराव्या राज्यवर्षी मगधातून परत आणली, ही कथा जैन घराघरांत अभिमानाने सांगितली जाते.

त्याच लेखातील आणखी काही गोष्टींकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. राज्याभिषेकानंतर पहिल्याच वर्षी खारवेलाने वादळात पडलेली नगराची प्रवेशद्वारे आणि तट दुरुस्त करविले. तिसऱ्या वर्षी नृत्य, गीत आणि वाद्य यांचे उत्सव भरवून नगरजनांना आनंद दिला. लेखाच्या अखेरीस त्याचे वर्णन सर्व संप्रदायांचा आदर करणारा आणि सर्व देवालयांचा जीर्णोद्धार करणारा असे केले आहे. आपले हिरावलेले परत आणावे, पडलेले उभे करावे, आणि दुसऱ्याचेही तितक्याच आदराने जपावे, असा परंपरारक्षणाचा तिहेरी अर्थ या जैन राजाने दगडावर कोरून ठेवला आहे.

ओडिशाच्या संस्कृतीला बाहेरच्या प्रभावांचे भय आजचे नाही. परंतु बाहेरून आलेले सारेच घातक असते, असे तिचा इतिहास सांगत नाही. जिनधर्मदेखील पूर्व भारतातील अन्य प्रदेशांतून कलिंगात आला आणि कलिंगाचाच होऊन राहिला. खंडगिरीच्या बाराभुजी गुंफेतील तीर्थंकर आणि शासनदेवी यांची शिल्पे ओडिशाच्याच कारागिरांच्या हातची आहेत. 1751 ते 1803 या काळात तेथील मोठ्या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे इंग्रज आले. जे मातीत मुरले ते परंपरेचे झाले. धोका निर्माण झाला तो बाहेरच्याने येऊन येथल्याचे नावच पुसायला घेतले तेव्हा.

तसा प्रसंग भाषेवर आला. एकोणिसाव्या शतकात ओडिया ही स्वतंत्र भाषाच नव्हे, ती बंगालीची बोली आहे, असे प्रतिपादन करणारी पुस्तिका 1870 मध्ये निघाली. शाळांतून ओडिया जाण्याची वेळ आली असता फकीर मोहन सेनापती यांच्यासारख्या लेखकांनी छापखाना, पाठ्यपुस्तके आणि कथा यांच्या बळावर ती टिकवली. पश्चिम ओडिशातील संबलपूर त्या काळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होते. तेथे 1895 मध्ये कचेरीची भाषा म्हणून ओडियाऐवजी हिंदी लागू करण्याचा निर्णय झाला. लोकांनी नेटाने विरोध केला आणि 1903 मध्ये ओडिया पुन्हा प्रस्थापित झाली. 1 एप्रिल 1936 रोजी भाषेच्या पायावर स्वतंत्र ओडिशा प्रांत अस्तित्वात आला आणि 2014 मध्ये ओडियाला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला.

संबलपूरच्या त्या अस्वस्थ काळात ज्यांची वाणी लोकांच्या मनात घुमली, त्यांत बरपालीचे कवी गंगाधर मेहेर (1862–1924) होते. ते विणकराच्या घरात जन्मले. शालेय शिक्षण थोडे, पुढे कारकुनी केली, पण ओडिया काव्यात त्यांनी मानाचे स्थान मिळवले. ज्या घरात माग चालत होता त्याच घरात भाषाही जपली गेली. त्यातली भाषा आज सुरक्षित आहे. मागाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही, आणि येथेच हा विषय ओडिशाबाहेरच्या व्यापारी घरांच्या ओट्यापर्यंत येऊन पोहोचतो.

बरगढ, सोनपूर, संबलपूर या भागांतील मेहेर विणकरांचे कापड ‘संबलपुरी बांध’ म्हणून ओळखले जाते. यात नक्षी कापडावर काढली जात नाही, ती विणण्यापूर्वीच सुतात असते. सूत ताणून त्याचे झुबके नक्षीच्या हिशेबाने दोऱ्याने घट्ट बांधतात आणि रंगात बुडवतात. बांधलेला भाग कोराच राहतो. मग काही गाठी सोडून, काही नव्या बांधून दुसरा रंग चढवतात. प्रत्येक रंगासाठी हीच तपश्चर्या. असे सूत मागावर आले की शंख, चक्र, फूल, सोंगट्यांच्या पटासारखे ‘पसापाली’चे चौकडे हळूहळू उमटू लागतात. एकेका साडीत घरातील अनेकांचे दिवसच्या दिवस जातात. गुजराती वाचकांना परिचित असलेला पाटणचा पटोळाही याच कुळातला. जैनधर्माचा आश्रयदाता राजा कुमारपाल याने पटोळ्याचे साळवी विणकर जालन्याहून पाटणला नेले, असे परंपरा सांगते.

या विणकरांना बाजारात उभे करण्यासाठी कृतार्थ आचार्य यांनी 1954 मध्ये बरगढ येथे ‘संबलपुरी वस्त्रालय’ ही सहकारी संस्था स्थापन केली. त्यामुळे सावकाराच्या सुतावर अवलंबून असलेल्या अनेक घरांना दुसरा आधार मिळाला. ‘संबलपुरी बांध’ या नावाला भौगोलिक मानांकनाचे कायदेशीर संरक्षणही आहे. तरीही आज शहरोशहरीच्या दुकानांत पसापालीची नक्षी छापलेले यंत्रमागाचे कापड ‘संबलपुरी’ म्हणून विकले जाते. किंमत एक अंश, काम काही क्षणांचे. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. विणकराला मात्र तो लगेच कळतो, कारण त्याच्या साडीला आता कोणी योग्य भाव देत नाही आणि त्याचा मुलगा माग सोडून मजुरीसाठी परगावी जातो. महाराष्ट्राने हेच दुःख पैठणीच्या बाबतीत पाहिले आहे.

येथे व्यापारी म्हणेल, छापील कापड विकणे हा गुन्हा आहे काय? मुळीच नाही. ज्याच्या खिशात थोडे पैसे आहेत त्यालाही सणासुदीला नवे वस्त्र हवे असते, आणि ते पुरवणारा व्यापारी उपकारच करतो. दोष कापडात नाही. दोष आहे तो त्याला दिलेल्या नावात.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमाविरुद्ध वागणे आणि मापात कमी-अधिक करणे हे चार सर्वांना ठाऊक असतात. पाचवा आहे ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून देणे. टीकाकारांनी कृत्रिम सोन्याचे उदाहरण दिले. आचार्य समंतभद्रांनीही रत्नकरंडक श्रावकाचारात सारख्या दिसणाऱ्या वस्तूंची भेसळ अतिचारांत गणली. त्या काळी मागाची नक्कल करणारे यंत्र नव्हते, पण माणसाचा लोभ तोच होता. छापील साडी ‘हातमागाची संबलपुरी’ म्हणून ज्या क्षणी विकली जाते, त्या क्षणी गिऱ्हाइकाचे पैसे आणि विणकराचे नाव अशी दुहेरी चोरी घडते. कायद्याने संरक्षित नाव वापरल्यामुळे राज्यनियमाच्या उल्लंघनाचा अतिचारही त्यात येतो. मंदिरात व्रताची पावती आणि दुकानात खोट्या नावाची पावती, या दोन्ही एकाच हाताने लिहिता येत नाहीत.

यावरचा उपाय कठीण नाही. हातमागाचा आणि छापील असे दोन्ही माल वेगळ्या फळ्यांवर ठेवावेत आणि ते काय आहेत हे स्पष्ट सांगावे. खऱ्या बांधाची नक्षी कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखीच ठसठशीत दिसते आणि रंगांच्या कडा किंचित पसरट असतात. छापील कापड उलटले की रंग बहुधा फिका दिसतो. हे गिऱ्हाइकाला स्वतः उलगडून दाखवणारा दुकानदार एखादी विक्री गमावेल, पण पेढीची पत कमावेल. खरेदी करताना सहकारी संस्थेकडून किंवा थेट विणकराकडून घ्यावी आणि पैसे वेळेवर द्यावेत. रेशमातील हिंसेमुळे जी कुटुंबे रेशीम वर्ज्य मानतात, त्यांच्यासाठी सुती बांध हे तर निर्मळ वस्त्र आहे. लग्नाच्या आहेरात त्याला स्थान दिले तर व्रतही सांभाळले जाते आणि विणकराचे घरही.

भाद्रपद शुद्ध पंचमीला पश्चिम ओडिशात ‘नुआखाई’ साजरी होते. नव्या तांदळाचा पहिला घास देवाला अर्पून घरचे एकत्र जेवतात, धाकटे थोरांना ‘जुहार’ करतात, आणि त्या दिवशी नवे संबलपुरी वस्त्र अंगावर असावे अशी प्रत्येकाची हौस असते. त्याच पंचमीला दिगंबर जैन मंदिरांत दशलक्षण पर्वाचा आरंभ होतो. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. त्यानंतर मार्दव आणि आर्जव, म्हणजे मनाचा आणि वाणीचा सरळपणा. एकाच तिथीला तिकडे विणकर नव्या अन्नाला हात जोडतो आणि इकडे श्रावक सरळपणाची भावना भावतो. त्या सरळपणाची पहिली कसोटी पर्व संपल्यावर दुकानाचे दार उघडताच लागते. समोर गिऱ्हाईक उभे असते आणि ते विचारते, ‘ही साडी खरी संबलपुरी आहे ना?’