न चाखता दिलेला निकाल

कुकिंग शोवरून भांडणाऱ्या माझ्या पिढीला एक साधा प्रश्न विचारायचाय. ज्या पदार्थावरून तुम्ही रात्री दोन वाजेपर्यंत कमेंट टाकत बसता, तो तुमच्यापैकी एकानं तरी खाल्लाय का?

गाण्याच्या स्पर्धेत सूर आपल्याही कानावर पडतो. नाचाच्या स्पर्धेत पावलं दिसतात. क्रिकेटमध्ये तर तिसऱ्या पंचाला दिसणारा रिप्ले आपणही बघतो. कुकिंग शोमध्ये मात्र ज्या गोष्टीवर निकाल लागतो, तीच आपल्यापर्यंत पोचत नाही. मीठ कमी पडलं की नाही हे परीक्षकांच्या जिभेला कळतं. आपल्याला दिसतं कोण रडलं, कोण उलटून बोललं, कुणी शेजारच्याला मदत केली नाही. मग आपण चवीचा निकाल स्वभावावरून लावतो, आणि स्वभाव ठरवताना जात, धर्म, प्रांत, बाईमाणसानं कसं बोलावं, असे सगळे जुने हिशेब बाहेर काढतो. हे भांडण जेवणाचं नाही. ते जेवणाच्या नावावर खपवणं बंद करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

2023 सालचा 'मास्टरशेफ इंडिया' आठवा. चेन्नईची अरुणा विजय मांस, मासे, अंडी शिजवत नव्हती. एका फेरीत इतरांना मासे आणि तिला पनीर मिळालं, आणि विकास खन्ना, रणवीर ब्रार, गरिमा अरोरा या परीक्षकांवर पक्षपाताचे आरोप सुरू झाले. प्रश्न रास्त होता. आमच्या हरिहरेश्वरात तर तो कुणालाही चटकन पटेल, कारण बांगडा साफ करण्यापासूनच इथे स्वयंपाकाची परीक्षा सुरू होते. सगळ्यांचा पेपर सारखा नसेल तर गुणांची तुलना कशी करायची, हे विचारलंच पाहिजे.

पण पेपर काढला कुणी? अरुणानं नाही. नियम कार्यक्रमाचा होता, तिला त्या नियमानं आत घेतलं होतं. तरी राग निघाला तिच्यावर, तिच्या धर्मावर, तिच्या बोलण्याचालण्यावर. याच कार्यक्रमाचा 2015 सालचा चौथा सीझन संपूर्ण शाकाहारी होता. म्हणजे त्या वर्षी आमच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळणीला आपली निम्मी विद्या दाराबाहेर ठेवून आत जावं लागलं असतं. एका फेरीतल्या पनीरपेक्षा हा निर्णय कितीतरी मोठा. भांडायचं तर तिथे भांडा. पण असे निर्णय घेणारे ॲप्रन घालून कॅमेऱ्यासमोर उभे राहत नाहीत. स्पर्धक राहतात, म्हणून मार त्यांनाच बसतो.

कॅमेऱ्यासमोर जे घडतं, तेही जसंच्या तसं आपल्यापर्यंत येत नाही. 2014 साली ब्रिटनच्या 'बेक ऑफ'मध्ये इयन वॉटर्सचं आइस्क्रीम डायना बेअर्ड या वयस्कर बाईंनी फ्रीझरमधून बाहेर काढून ठेवलं. एपिसोडमध्ये तो प्रसंग असा दिसला की बाईंनी त्याचा घातच केला असं लोकांना वाटलं. संतापलेल्या इयननं पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तो डबाच परीक्षकांपुढे नेला. तो बाद झाला. आठशेहून जास्त तक्रारी आल्या, बाईंना खलनायिका ठरवलं गेलं. आइस्क्रीम एका मिनिटापेक्षाही कमी वेळ बाहेर होतं, हे बीबीसीला नंतर सांगावं लागलं. यातली खरी गोम बघा. चाखायला काही उरलंच नाही, म्हणून परीक्षकांनी त्याला घरी पाठवलं. परीक्षकसुद्धा न चाखता गुण देत नाहीत. आपण मात्र एडिट केलेली दोन मिनिटं बघून एखाद्या बाईचा निकाल लावून मोकळे होतो.

'मनोरंजन आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?' हे उत्तर मला माहीत आहे. पण सवय टीव्हीपुरती राहत नाही, ती गाडीत बसून इथवर येते. हरिहरेश्वरच्या घरगुती खानावळीत किती ताटं लागणार ते आधी सांगावं लागतं, मोदक हवे असतील तर आधी ऑर्डर द्यावी लागते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, तेव्हा ताज्या सुरमईऐवजी ताटात सोडे, सुकट किंवा सुके बोंबील येतात. समुद्राकाठचं जेवण असंच चालतं. आणि फोनवर रिव्ह्यू काय पडतो? 'काकू हसत नाहीत. ॲटिट्यूड आहे. एक स्टार.' आमटीबद्दल एक शब्द नाही. साठीची बाई सकाळपासून चुलीपुढे उभी आहे. तिनं हसावं, विनम्र असावं, पाहुण्याच्या रीलमध्ये छान दिसावं, ही अपेक्षा कुठून आली? टीव्हीवरच्या स्वयंपाकघरातून. तिथे जशी स्पर्धकाची वागणूक आपण तपासतो, तशीच इथे काकूंची. फरक इतकाच की टीव्हीवरचा स्पर्धक घरी जातो. काकू घरातच असतात आणि त्यांची पुढच्या वीकेंडची गिऱ्हाइकं जातात.

आवडतानिवडता स्पर्धक असू नये, असं मी म्हणत नाही. त्याच सीझनमध्ये सुवर्णा बागुल शेवटच्या तिघांत पोचली, तेव्हा ती जिंकावी असं मलाही वाटत होतं. जिंकला आसामचा नयनज्योती सैकिया. माझी ती इच्छा होती, निकाल नव्हता. या दोन गोष्टींत फरक केला की अर्धी भांडणं जागीच संपतात. उरलेली अर्धी जरूर भांडा: नियम सर्वांना सारखे आहेत का, कोणाच्या घरचं जेवण 'फाइन डायनिंग' ठरतं आणि कोणाचं 'साधं' म्हणून बाजूला पडतं, कोणता प्रायोजक काय शिजू देतो. हे प्रश्न चॅनेलला विचारा, स्पर्धकाचं नाव न घेता.

आणि एकदा स्वतः उकड काढून बघा. मोदकाच्या कळ्या फोटोत मोजता येतात. पारी जाड झाली का, उकडीत मीठ पडलं का, हे तोंडात घातल्याशिवाय कळत नाही. जिभेला कामं दोन आहेत. आधी चाखायचं, मग बोलायचं.