तजुर्बा आणि लाल शाई

मागच्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गाला 'माझ्या घरचा व्यवसाय' हा निबंध दिला होता. एका ढिवराच्या मुलाने लिहिले, "रात्रभर आभाळ राहिले आणि वारा पडला की पहाटे तळ्यातले मासे तोंड वर काढतात. तेव्हा बाबा घाबरतात." मी लाल शाईने शेरा मारला, 'मासे वर आले तर आनंद व्हायला हवा. वाक्य तपासा.'

मी स्वतः हौशी गळवाला. रविवारी पवनारकडे धाम नदीवर बसतो, तेही मोबाइलवर हवेचा दाब बघून. कॅनडा-फिनलंडकडे गोठलेल्या तळ्यांच्या बर्फाला भोक पाडून मासे धरतात. तिथले अनेक हौशी लोक दाब उतरू लागला की गळ टाकायला धावतात. मीही तेच खरे धरून चाललो होतो.

विज्ञानाच्या सरांनी हिशेब मांडून दाखवला. पाण्यात एक सेंटिमीटर खाली गेले की दाब साधारण एक हेक्टोपास्कलने वाढतो. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत तीन-चार हेक्टोपास्कल उतरतो. वादळाआधी आणखी थोडा. एवढा फरक माशाला दोन-चार बोटे वर-खाली होऊन भरून काढता येतो! मग बदलते काय? दाब उतरतो तेव्हा बहुधा ढग येतात, उजेड कमी होतो, वारा बदलतो. माशाला जाणवते ते हे. श्रेय मात्र आपण काट्याला देतो.

आता त्या मुलाचे वाक्य पुन्हा वाचा. दिवसा ऊन नसले की पाण्यातले शेवाळ प्राणवायू कमी तयार करते. रात्री तेच शेवाळ आणि मासे मिळून असलेला संपवतात. वारा नसेल तर पाणी ढवळत नाही, बाहेरची हवा त्यात मिसळत नाही. पहाटे रोहू-कटला वर येतात ते श्वासासाठी. ठेक्याच्या तळ्यात पैसे खर्चून सोडलेली बोटुकली वाढवणाऱ्या माणसासाठी ती पहाट धोक्याची असते. खाद्य थांबवून, पंपाने पाणी उडवून मासे वाचवावे लागतात. उशीर झाला तर वर्षाची कमाई उलटी तरंगते.

मराठीत 'अनुभव' वेगळा आणि 'प्रयोग' वेगळा. उर्दूत दोन्हींना एकच शब्द आहे, तजुर्बा. त्या ढिवराकडे दोन्ही होते. माझ्याकडे फक्त बीएडची पदवी आणि लाल पेन.

आपल्या वस्तीतही पिंजाऱ्याचा मुलगा असतो, पंक्चरवाल्याचा असतो. कापूस दमट आहे हे बापाच्या बोटांना कसे कळते, हे त्याने वहीत लिहिले तर आपण काय करतो? शुद्धलेखन तपासतो. ते तपासावेच. पण त्याआधी एकदा विचारावे, "बेटा, हे कसं कळतं अब्बांना?"

मी वर्गासमोर माझा शेरा खोडला. मुलगा काही बोलला नाही, फक्त वही परत घेताना हसला.