नाही दिसला, तर नाही दिसला!

सेमिस्टर संपली रे संपली, की ग्रुपवर कोकणाचा विषय निघतोच. तारकर्ली, मालवण, हर्णै, दापोली. बजेट ठरतं, कोण कोण येणार यावर भांडणं होतात आणि यादीत एक ओळ हमखास असते : डॉल्फिन सफारी. सकाळी लवकर उठायचं, लाइफ जॅकेट चढवून होडीत बसायचं आणि डॉल्फिन बघून नाश्त्याला परत. बेत झकासच आहे, जरूर जा. फक्त होडीत पाय ठेवण्याआधी एक ठरवून टाका. डॉल्फिन दिसलाच नाही, तर काय करणार?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ‘दाखवणार ना नक्की? नाहीतर पैसे देणार नाही हं!’ असं आपण किनाऱ्यावरच बजावतो. होडीवाल्याचं पोट त्या फेरीवर असतं. मग पाण्यावर एक पर दिसला, की चार बाजूंनी चार होड्या तिकडे सुटतात. डॉल्फिन बुडी मारतो, लांब कुठेतरी वर येतो, होड्या पुन्हा वळतात. आपण मोबाइल उंच धरून ओरडत असतो. पंधरा सेकंदांचं रील मिळतं. पण खरं सांगा, ही सफारी झाली की पाठलाग?

आपल्या किनाऱ्याजवळ बहुतेकदा दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन, म्हणजे पाठीवर उंचवटा असलेला. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आणि खाड्यांची मुखं हेच त्याचं घर. नेमकी तिथेच आपली जाळी, बंदरं आणि सांडपाणीही आहे. म्हणून तर तो सहज दिसतो आणि म्हणूनच अडचणीत आहे. ‘आययूसीएन’च्या यादीत ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. डॉल्फिन मासा नव्हे, सस्तन प्राणी. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. आपण ज्याला ‘शो’ समजून टाळ्या वाजवतो, तो त्याचा श्वास असतो. गढूळ पाण्यात तो आवाजाच्या आधाराने भक्ष्य शोधतो, सोबत्यांशी बोलतो. मिरवणुकीत डीजेसमोर उभं राहून मित्राला हाक मारून बघा, म्हणजे होड्यांच्या इंजिनांमध्ये त्याचं काय होत असेल ते कळेल. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि ते दुधासाठी आईला चिकटून असतं.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहे. या कायद्यातल्या ‘शिकारी’च्या व्याख्येत ठार मारण्याबरोबर प्राण्याला हाकणंही येतं. पण भर समुद्रात प्रत्येक होडीमागे वनरक्षक कुठून आणणार? आणि सगळा दोष होडीवाल्यावर ढकलणंही सोयीचंच. गिऱ्हाईक जे मागतं, तेच तो देतो. गिऱ्हाईक आपण आहोत!

वेगळं मागणारी गिऱ्हाइकं असतात, याचं उदाहरण कोकणातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला लोक कासवाची पिल्लं बघायला जातात. गावकऱ्यांच्या घरी राहतात, सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जातात आणि दोरीच्या अलीकडे थांबतात. पिल्लं निघतीलच, अशी हमी कुणी देत नाही. तरीही लोक जातात. त्यातून गावाला चार पैसे मिळतात आणि कासवाची अंडीही वाचतात.

मग डॉल्फिनच्या होडीत हे का जमू नये? भाव ठरवतानाच सांगा, ‘दादा, नाही दिसला तरी पूर्ण पैसे देणार. मागे लागायचं नाही.’ डॉल्फिन दिसला की लांबच थांबायला सांगा, इंजिन मंद ठेवायला सांगा. सोबत पिल्लू असेल तर होडी वळवायला सांगा. आधीच दोन होड्या तिथे असतील, तर आपली तिसरी नको. खायला काही टाकू नका. आणि जरा आजूबाजूलाही बघा. डोक्यावर ब्राह्मणी घार असेल, हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे असतील, खडकाळ टोकावर एखादा समुद्री गरुड बसलेला असेल. त्यातलं किती काय तुमच्या होडीवाल्या दादांना माहीत असतं, ते विचारून तर बघा.

तेव्हा पुढच्या ट्रिपला ग्रुपवर बजेट टाकाल, तेव्हा त्याखाली ही ओळही टाका : डॉल्फिन दिसला नाही, तरी पैसे पूर्ण द्यायचे. कुणाला मान्य नसेल, तर ते भांडण होडीत बसायच्या आधीच होऊन जाऊ दे!