उंच मोटारींचे उसने नाव

मोटारींच्या बाजारात सध्या एका नावाचा मोठा बोलबाला आहे. 'स्पोर्ट युटिलिटी व्हेइकल', म्हणजेच 'एसयूव्ही', हे बिरूद मागे लागले की साध्या मोटारीलाही जणू सरदारकी प्राप्त होते. वस्तुतः या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या नेहमीच्या मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेल्या, थोड्या उंच आणि मोठ्या चाकांच्या असतात. इंजिनाची शक्तीही पुष्कळदा पुढच्या दोनच चाकांना मिळते. जाणकार त्यांना 'क्रॉसओव्हर' म्हणतात. त्यांना एसयूव्ही म्हणावे काय, हा प्रश्न वरकरणी शब्दच्छलाचा वाटेल. परंतु ज्या नावावर ग्राहक विश्वास ठेवतो आणि सरकार कर आकारते, त्या नावाचा प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही.

हे नाव ज्या गाड्यांनी कमावले, त्यांचे कूळ जीपचे. शिडीच्या आकाराची पोलादी चौकट, तीवर वेगळी बसविलेली बॉडी, चारही चाकांना मिळणारी शक्ती आणि चिखल-चढणीसाठी संथ पण जोरकस गिअर, ही तिची लक्षणे. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जुळवून विकण्यास प्रारंभ केला आणि पुढे धरणाच्या जागेपासून वनखात्याच्या चौकीपर्यंत ती सर्वत्र दिसू लागली. तिथे ती हौसेसाठी नव्हे, कामासाठी जात असे. पुढे १९९४ मध्ये टोयोटाने 'रॅव्ह-४' आणि १९९५ मध्ये होंडाने 'सीआर-व्ही' आणली. मोटारीच्या सुखसोयी आणि जीपचा रुबाब यांचा हा संगम ग्राहकांना इतका भावला की अपवाद होता तोच नियम झाला.

यावर कर्मठांचा आक्षेप असा की, स्वतंत्र चौकट नाही ती एसयूव्हीच नव्हे. हा युक्तिवाद मात्र टिकणारा नाही. १९७७ पासून बनू लागलेल्या रशियाच्या लाडा निवाला वेगळी चौकट नव्हती. तरीही चारही चाकांच्या बळावर तिने बिकट वाटा तुडवल्या. उलट, भक्कम चौकटीच्या कित्येक गाड्या आज केवळ मागच्या दोन चाकांच्या शक्तीवर धावतात. तेव्हा गाडीची जात जन्मावरून नव्हे, कर्मावरून ठरवली पाहिजे. आणि या कसोटीवर बहुसंख्य क्रॉसओव्हर उतरत नाहीत, हे स्पष्ट म्हणावयास हवे.

याचा अर्थ त्या वाईट आहेत असा नव्हे. त्या सामान्यतः वजनाने हलक्या, इंधनाला काटकसरी आणि रस्त्यावर अधिक स्थिर असतात. खड्डे आणि गतिरोधक यांनी भरलेल्या आपल्या रस्त्यांवर त्यांची उंची उपयोगीच पडते. धोका आहे तो नावाने निर्माण होणाऱ्या भ्रमाचा. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असताना, आपली गाडी 'एसयूव्ही' आहे या भरवशावर कुटुंबासह ती पाण्यात घालणाऱ्याला जाहिरात वाचवू शकत नाही. दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींना, अस्सल एसयूव्हींनाही, ओढून नेऊ शकते. मग नुसत्या उंचीवर विसंबणाऱ्याची काय कथा!

कायद्याची कथा तर याहून उद्बोधक आहे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानंतर इंधनबचतीचे नियम मोटारींना कडक, तर 'हलक्या ट्रकां'ना सौम्य राहिले. सुबारूने २००५ च्या 'आउटबॅक'ची उंची थोडी वाढवली आणि ती मोटार कायद्यापुरती ट्रक झाली. भारतात नेमके उलटे घडले. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हींवरील अबकारी कर २७ टक्क्यांवरून ३० टक्के झाला. त्या रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये अधिक जागा व्यापतात, असे कारण अर्थमंत्री चिदंबरम यांनी दिले. त्याच वर्षी चाकणला बनणाऱ्या 'एक्सयूव्ही ५००'ची जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटरच्या मर्यादेखाली आणण्यात आली. जाहिरातीत उंची मिरवायची आणि करापुरते खाली वाकायचे, असा हा प्रकार.

जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२२ मध्ये वाढीव उपकरासाठी ज्या चार अटी स्पष्ट केल्या, त्यांत गाडी 'एसयूव्ही म्हणून लोकांत ओळखली जाणे' हीसुद्धा एक होती. अवघ्या सात महिन्यांत, जुलै २०२३ मध्ये, परिषदेने नावाचा नाद सोडला: नाव काहीही असो, लांबी ४००० मिलिमीटरहून अधिक, इंजिन १५०० सीसीहून मोठे आणि रिकाम्या गाडीची जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर असली की पुरे. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतर चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के कर लागतो, तर मोठ्या गाड्यांना ४० टक्के. परिणामी एकच गाडी जाहिरातीत 'एसयूव्ही' आणि करपत्रकात 'लहान मोटार' अशी दोन्हीकडे सुखाने नांदते!

शब्दांचे अर्थ लोकव्यवहाराने बदलतात, असे यावर म्हटले जाईल. ते खरेच आहे. पण हा बदल लोकांनी घडविला, की जाहिरातदारांनी, हेही पाहिले पाहिजे. सरकारने नाव सोडून माप धरले. ग्राहकानेही तेच करावे. शक्ती किती चाकांना मिळते, भरल्या गाडीची जमिनीपासूनची उंची किती राहते, किती खोल पाण्यापर्यंत ती चालू शकते, ही माहिती प्रत्येक विक्रेत्याने किमतीइतक्याच ठळकपणे छापावी, असे बंधन असावयास हवे. तोवर 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण मोटारींच्या दुकानात शिरतानाही ध्यानात ठेवलेली बरी.