‘यांना काय होतंय?’

दृष्टिहीन बाईला घेऊन दवाखान्यात जा, डॉक्टर हटकून तुमच्याकडे बघून विचारतात, “यांना काय होतंय?” आपणही उत्तर देऊन मोकळ्या होतो. जिचं दुखतंय ती शेजारी गप्प! नजर गेली म्हणून वाचा जात नाही, हे शिकल्यासवरल्यांनाही सांगावं लागतं.

यात बाईची फार कुचंबणा होते. सोबत दीर किंवा मुलगा असला, तर अंगावरून जातंय, छातीत गाठ हाताला लागतेय, हे ती बोलणार कशी? मग दुखणं अंगावर काढते. तेव्हा मैत्रिणींनो, घरात-शेजारी अशी कुणी असेल तर सोबत तुम्ही जा. चालताना तिला ओढू नका. तुमचं कोपर तिला धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. आत गेल्यावर “त्यांनाच विचारा ना” एवढं म्हणा. कुठे हात लावणार, काय टोचणार, हे तिला आधी सांगायला लावा. तिला एकटीलाच बोलायचं असेल तर खुशाल बाहेर बसा.

आणि हो, रांगेत ताटकळायचं कारण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २५ व्या कलमात तपासणीत व उपचारांत अग्रक्रम देण्याची तरतूद आहे. यूडीआयडी कार्ड जवळ असू द्या, आणि न भिता मागा.

घरी आल्यावर प्रश्न औषधांचा. गोळ्यांची पाकिटं बोटांना सारखीच लागतात! सकाळच्या पाकिटाला एक रबर, रात्रीच्याला दोन, असं करता येतं. मात्र खूण तिची तिला ठरवू द्या. आपण परस्पर लावलेली खूण तिच्या काय कामाची? गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका, नाव आणि मुदतीची तारीख पाकिटावरच असते. हल्ली फोनवरची काही अ‍ॅप्स ती वाचून दाखवतात, पण पाकीट फाटलं तर तीही काय वाचणार? आणि डबी नेहमीच्या जागेवरून हलवलीत, तर तिला सांगा. आपली आवराआवरीची हौस इथे नडते.

मधुमेहानं नजर गेली असेल तर पायांकडे जास्त लक्ष हवं. पाय बधिर झाले की जखम झालेली कळत नाही, आणि तिला ती दिसतही नाही. रोज रात्री तिनं दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या हातानं चाचपाव्यात. ओलसर, गरम किंवा सुजल्यासारखं लागलं, की तुम्ही दिव्याखाली नीट बघा आणि दुसऱ्याच दिवशी दाखवून या. पण काही लागलं नाही तरी रोज एकदा तुमची नजर फिरू द्या.