पाऊस उदंड, पीक उणे

पाऊस भरपूर तेथे पीक भरपूर, या समजुतीला हेमलकशाचा परिसर हे ढळढळीत उत्तर आहे. गडचिरोली जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी १३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पंजाबात त्याच्या निम्मादेखील पडत नाही. तरीही पंजाबचा शेतकरी हेक्टरी सुमारे ४ टन तांदूळ काढतो आणि भामरागड तालुक्यातील माडिया शेतकऱ्याच्या बांधीत त्या मानाने फारच थोडे पिकते.

याचे खापर आदिवासींच्या अज्ञानावर फोडणे सोयीचे आहे, परंतु न्याय्य नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच बहुतेक सारा पाऊस कोसळतो. धान निसवण्याच्या सुमारास त्याने पाठ फिरविली की दाणा पोचट राहतो. पंजाबात अशा वेळी कालवा वा कूपनलिका हाताशी असते. येथे आभाळाखेरीज आधार नाही. ज्याला शेवटच्या पाण्याची शाश्वती नाही, त्याने खतासाठी कर्ज का काढावे? रोवणीचा खर्च टाळून तो आवत्या पद्धतीने बी फेकतो, कारण त्यात बुडाले तरी थोडेच बुडते. हा आळस नव्हे, जोखमीचा चोख हिशेब आहे.

बियाण्याचेही दुर्भिक्ष नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही येथे कृषी संशोधन केंद्र आहे. त्याच जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडपद्धतीने विकसित केलेले ‘एचएमटी’ धान दूरवर पसरले. उणीव आहे ती पाण्याची.

वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली सिंचनाचा जिल्हावार अनुशेष मांडला. परंतु १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर तुलतुली, कारवाफा यांसारखे प्रकल्प रखडले. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली असताना मोठे धरण म्हणजे ज्या जंगलावर आदिवासी जगतो तेच बुडविणे होय.

वाट मात्र बंद नाही. पूर्व विदर्भाला मालगुजारी तलावांची आणि बोड्यांची जुनी परंपरा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेच्या शिफारशीने लहान तलावासाठी १ हेक्टरपर्यंत वनजमीन मिळू शकते. मात्र हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडता येत नाहीत. अशा तलावावर दुसरे पीक निघणार नाही, हे खरे. पण हाती आलेले पहिले पीक वाचेल, आणि ते वाचेल असा भरवसा आला की खत, रोवणी व कर्ज यांचा हिशेब शेतकरी स्वतःच नव्याने मांडील. शासनाने उत्पादनवाढीचे उपदेश थोडे आवरून ग्रामसभांच्या या ठरावांना निधी द्यावा, हेच अधिक शहाणपणाचे ठरेल.